इंग्लंडमधील जुन्या कंट्री हाऊसची एकच बाग पाहायला वेळ असेल, तर कोणती पाहावी आणि कशी पाहावी?

आईवडील भारतातून आले आहेत, हाताशी एकच दिवस आहे आणि त्यांना इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या कंट्री हाऊसची, म्हणजे जहागीरदाराच्या खेड्यातल्या हवेलीची, बाग दाखवायची आहे, तर कोणती निवडावी, असे आपण विचारले आहे. मी ब्रिस्टलमध्ये राहतो आणि माझे उत्तर विल्टशरमधील स्टोअरहेड हे आहे. मी तिथे चार वेळा गेलो आहे. त्यांतली पहिली भेट मी जवळजवळ वाया घालवली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या वेळी माझी आई बरोबर होती. तळे, पूल, झाडे असे सगळे पाहत अर्धा तास चालून झाल्यावर तिने विचारले, "अरे, पण फुलं कुठं आहेत?" प्रश्न रास्त होता. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुलाबाचे वाफे, कारंजी आणि आखीव ताटवे येतात, आणि स्टोअरहेडच्या तळ्याकाठी त्यांतले जवळजवळ काहीच नाही. तिथे पाणी, हिरवळ, उंच झाडांच्या दाट रांगा आणि त्यांच्यामधून मधूनच दिसणारी दगडी देवळे आहेत, आणि ती सगळी ठराविक जागी उभे राहून पाहायची असतात. हे त्या दिवशी मलाच ठाऊक नव्हते, तर आईला काय सांगणार?

लंडनच्या होअर या सावकारी घराण्याने ही जहागीर 1717 मध्ये विकत घेतली. त्यांची बँक 1672 पासून चालू आहे आणि 1720 च्या साऊथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात, जिथे भले भले बुडाले, तिथे तिने उलट नफा कमावला होता. कॉलेन कॅम्बेल या वास्तुकाराने आखलेल्या घराचे काम 1721 मध्ये सुरू झाले, पण बाग पुढच्या पिढीतल्या दुसऱ्या हेन्री होअरची. त्याची पत्नी 1743 मध्ये वारली आणि त्यानंतर लवकरच त्याने घरामागच्या दरीत काम सुरू केले. स्टोअर नदीच्या उगमाजवळचे झरे बंधारा घालून अडवले, तळे केले आणि हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुकाराकडून काठावर एकेक इमारत उभारून घेतली. क्लोद लोरँ आणि गास्पार द्युगे यांच्या निसर्गचित्रांचा त्याला नाद होता. पूल, खेडे आणि चर्च हे सगळे मिळून गास्पारच्या चित्रासारखे दिसेल, असे त्याने 1762 मध्ये मुलीला पत्रातून कळवले होते. झाडांच्या हिरव्या छटाही चित्रातल्या छायाप्रकाशासारख्या मोठ्या समूहांत लावाव्यात, असे त्याचे मत होते.

म्हणून माझा पहिला सल्ला दिशेचा आहे. तळे डाव्या हाताला ठेवून फिरावे, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या नेमके उलट. खेड्याच्या बाजूने आत शिरल्यावर पाच कमानींचा, वर गवत वाढवलेला दगडी पूल लागतो. तिथे थांबून पाण्यापलीकडे पाहिले की समोरच्या काठावर पँथिऑन, म्हणजे रोममधल्या त्याच नावाच्या प्राचीन मंदिराच्या धर्तीवरचे घुमटाचे देऊळ, दिसते. पुढे फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे देऊळ आहे. त्याच्या दारावर रोमन कवी व्हर्जिलची ओळ कोरलेली असून, अपवित्र लोकांनी दूर राहावे असा तिचा अर्थ आहे. मग वाट वळते, झाडी दाटते, पँथिऑन नाहीसे होते आणि आपण 1748 च्या सुमाराच्या कृत्रिम गुहेत उतरतो.

ही गुहा मला सगळ्यात आवडते. बाहेर ऊन असले तरी आत गारवा असतो, दगड ओलसर असतात आणि निजलेल्या जलदेवतेच्या पुतळ्याखालून झऱ्याचे पाणी सतत वाहत असते. तिच्यासमोरच्या भिंतीत एक ओबडधोबड खिडकी ठेवली आहे. तिच्यातून तळे जवळजवळ पाण्याच्या पातळीवरून दिसते आणि ज्या काठावरून आपण आलो तो काठ त्या दगडी चौकटीत बसतो. मी तिथे एकदा पंधरा मिनिटे उभा होतो. मागून येणारी मंडळी फोटो काढून निघून जात होती. गुहेत पायऱ्या आहेत आणि त्या निसरड्या असतात, तेव्हा आईवडिलांचा हात धरावा.

बाहेर पडून थोडे चालले की हरवलेले पँथिऑन अचानक पुढ्यात येते. आत रिसब्रॅक या शिल्पकाराने घडवलेला हर्क्युलिस उभा आहे. पुढे बंधारा ओलांडून अपोलोच्या देवळाकडे जाणारी चढण खरोखर दमवते. गुडघे दुखत असतील तर ती सोडावी.

पुलाजवळचा जुना कोरीव क्रॉस मात्र सोडू नये. तो मूळचा आमच्या ब्रिस्टलचा. येण्याजाण्याला अडचण होते म्हणून शहराने तो काढला, मग तो कित्येक तुकड्यांत पडून राहिला आणि शेवटी होअरने तो इथे आणून उभारला. आमच्या शहराची ही अडगळ इथे किती शोभते, हे पाहून मला दर वेळी थोडी लाज वाटते.

आता ऋतूविषयी. बहुतेक लोक मे अखेरीस, ऱ्होडोडेंड्रॉन फुलल्यावर जा असे सांगतील आणि आपल्या आईला फुले हवीच असतील तर तसे करावे. पण ती झुडपे हेन्रीच्या मूळ योजनेत नव्हती. त्याचा नातू रिचर्ड कोल्ट होअर याने ती आणली आणि विसाव्या शतकात त्यांत आणखी भर पडली. तो जांभळा-गुलाबी भडकपणा मला तळ्याकाठी उपराच वाटतो. ऑक्टोबरच्या शेवटी बीच नावाच्या वृक्षांची पाने तांबूस होतात, पाणी काळेभोर दिसते आणि देवळांचा फिकट दगड उठून दिसतो. मी तेव्हाच जाईन.

घरालाही तासभर द्यावा. शेवटच्या मालकाचा एकुलता मुलगा पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये गेला, आणि 1946 मध्ये त्या मालकाने आणि त्याच्या पत्नीने घर आणि बाग नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी दोघेही एकाच दिवशी वारले.

लंडनहून यायचे तर वॉटर्लू स्थानकातून डॉर्सेटमधल्या गिलिंगहॅमची गाडी धरावी. साधारण दोन तास लागतात. केंटमध्ये याच नावाचे दुसरे स्थानक आहे, तेव्हा तिकीट काढताना परगणा पाहून घ्यावा. स्थानकापासून पुढे टॅक्सीच बरी, आणि परतीची वेळ उतरतानाच चालकाशी ठरवून ठेवावी. आम्ही ती ठरवली नव्हती, खाली दरीत माझ्या फोनला रेंज मिळेना, आणि आईला चर्चच्या भिंतीशी बसवून मी चढणीवर फोन उंच धरून फिरत राहिलो.