'द हॉबिट'मध्ये सगळ्यांत धाकटा फिली की किली?

तुमचा प्रश्न असा, की टॉल्किनच्या या कादंबरीच्या आठव्या प्रकरणात बुटक्यांचा म्होरक्या थोरिन टोळीतल्या फिलीला सगळ्यांत धाकटा म्हणतो, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या पुढच्या कादंबरीच्या परिशिष्टातल्या वंशावळीत फिलीचा भाऊ किली त्याच्याहून ५ वर्षांनी धाकटा निघतो. मग प्रुफं वाचणारे झोपले होते का?

नव्हते. मी सांगलीत एका छापखान्यात प्रुफंच वाचतो, त्यामुळे आधी जातभाईंची बाजू घेतो. 'द हॉबिट' आलं १९३७ साली, वंशावळ छापली गेली १९५५ साली. पुस्तक छपाईला गेलं तेव्हा त्या ओळीत चूक नव्हतीच, ती १८ वर्षांनी मागून येऊन चिकटली. वंशावळीत फिलीचा जन्म कादंबरीतल्या कालगणनेनुसार २८५९ चा, किलीचा २८६४ चा. पुढे १९६६ च्या दुरुस्तीत टॉल्किननी जादूगार गॅन्डाल्फने मागितलेले टोमॅटो काढून तिथं लोणचं घातलं (आपलं कैरीचं नव्हे), पण फिलीला हात लावला नाही.

याहून भारी भानगड जादूच्या अंगठीची. पहिल्या आवृत्तीत गुहेत राहणारा गोलम हा प्राणी कथानायक बिल्बोशी कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस लावतो, हरतो, आणायला जातो तर ती सापडत नाही (ती आधीच बिल्बोच्या खिशात). मग बापडा माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो! पुढच्या कादंबरीत हीच अंगठी साऱ्या जगाच्या मुळावर उठली. असली वस्तू कोण पैजेवर लावेल? टॉल्किननी ते प्रकरण नव्यानं लिहून १९४७ साली प्रकाशकाला नुसतं नमुन्यादाखल पाठवलं. १९५० साली नव्या आवृत्तीची प्रुफं हातात पडली, तर नमुना सरळ पुस्तकात! आमच्याकडे असं झालं असतं तर दिवसभर आरडाओरडा चालला असता. त्यांनी ते १९५१ साली तसंच जाऊ दिलं.

मग जुन्या प्रतींचं काय? इथं मी त्या माणसाला मानतो. शुद्धिपत्र लावायचं सोडून त्यांनी चूक बिल्बोच्याच गळ्यात मारली. म्हणे, अंगठीवर आपला हक्क दिसावा म्हणून तोच सोबत्यांशी खोटं बोलला, आणि पहिल्या आवृत्तीत छापलं गेलं ते त्याचं खोटं. गॅन्डाल्फला संशय होताच.

फिलीसाठी मात्र अशी पळवाट काढलेली नाही. माझ्या प्रतीत त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं 'किली?' लिहिलंय. २०१९ च्या पुरात पुस्तक फुगलं, पहिल्या पानावरची शाईची सही विरघळली. पेन्सिल अजून वाचता येते.