गाडी घरीच धुवा, आणि ब्रेकच्या ड्रमजवळ डिझेल येऊ देऊ नका

तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात मोटरसायकल चिखलाने भरली आहे, वॉशिंग सेंटरला दिली तर गाडीला काही होतं का, आणि घरी धुवायची तर कशी.

होतं. गाडीला होतं आणि गाडीवर बसणाऱ्यालाही होतं. घरी धुवा. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण या प्रश्नावरून आमच्या घरात भाऊ-भाऊ नीट बोलत नाहीत, म्हणून सगळं लिहितो.

आमचं गाव साताऱ्याच्या वर, कास रस्त्याला. शहरात जायचं तर यवतेश्वरचा घाट उतरावा लागतो. आबांनी २००२ साली स्प्लेंडर घेतली आणि त्या गाडीवर ते रोज पहाटे दूध घालायला साताऱ्याला जायचे. दोन्ही बाजूंना कॅन, पावसाळ्यात धुकं, समोर चार हात दिसत नाही असा रस्ता. १७ वर्षांत गाडी एकदाही पडली नाही. धुवायचेही तेच, विहिरीच्या कट्ट्याजवळ, बादली, तांब्या आणि जुनं धोतर घेऊन. धुऊन झाली की अंगणात दोन फेऱ्या मारायचे, हळूहळू, ब्रेक दाबत दाबत. लहानपणी मला वाटायचं ते हौसेने फिरवतायत.

२०१९ साली पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नव्हता. गाडी तांबड्या मातीने माखली होती. खंडेनवमीला गाडीची पूजा असते, त्यामुळे ती स्वच्छ हवी. थोरला भाऊ पुण्याहून आला होता. आबांचे कष्ट वाचावेत म्हणून अष्टमीच्या संध्याकाळी तो गाडी खाली घेऊन गेला आणि एका वॉशिंग सेंटरवर धुऊन आणली. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझं कधीच काही म्हणणं नव्हतं. गाडी नव्यासारखी चमकत होती. जवळ गेलो तर डिझेलचा वास आला. दादा म्हणाला, "शेवटी हवेच्या गनने डिझेलचा फवारा मारतात, त्याशिवाय इंजिनाला काळी चमक येत नाही." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. सणाच्या दिवशी कशाला वाद, म्हणून गप्प बसलो. ते मला अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा झेंडू आणि नारळ आणायला निघाले. घाटात तिसऱ्या का चौथ्या वळणाला मागचा ब्रेक दाबला तर पाय खाली गेला, पण गाडी धरेना. मग पुढचा दाबला. वळणावर खडी होती, पुढचं चाक सरकलं आणि आबा उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. म्हशीची धार मी काढायचो आणि ते शेजारी बसून माझ्या चुका सांगायचे.

दादा तेव्हापासून एकच म्हणतो : आबांचं वय झालं, उतारावर वेग आवरला नाही. "गाडी रात्रभर अंगणात उभी होती. ब्रेकमध्ये पाणी गेलं असतं तरी सुकलं नसतं का? आणि मीच ती गाडी घाट चढवून आणली, मला काही झालं नाही." त्याने चावी काढून घेतली. आबांनी परत मागितली नाही.

आता मिस्त्रीने काय पाहिलं ते ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. मागचं चाक माझ्यासमोर उघडलं. ड्रम ब्रेक म्हणजे उलटी घातलेली वाटी समजा, आतून दोन शू, म्हणजे कमानीसारखे तुकडे, फाकतात आणि त्यांचे लायनर, म्हणजे त्यांच्यावरचं घासण्याचं अस्तर, वाटीला घासतात. वाटी आणि तिचं झाकण यांच्यामध्ये फट असते. रस्त्यावरचं पाणी त्यातून सहसा फारसं जात नाही, पण जवळून मारलेली जोरदार धारेची पाण्याची गन आत पाणी घुसवते, आणि त्यामागून हवेच्या जोरावर मारलेलं डिझेलही. लायनर निम्मे शिल्लक होते, म्हणजे झिजलेले नव्हते. पण काळे पडून काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि बोट लावलं तर बोटाला डिझेलचा वास. मिस्त्रीने पॉलिश पेपर हातात घेतला आणि परत ठेवला. तेल प्यालेला लायनर घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. पुढचं चाक खोललं तर बेअरिंगमधलं ग्रीस ताकासारखं पांढरं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की तसंच होतं.

म्हणून दादाला माझं उत्तर असं आहे. पाणी सुकतं, डिझेल सुकत नाही. पाण्याने भिजलेला लायनर चार-पाच वेळा दाबला की गरम होऊन कोरडा होतो. डिझेल प्यालेला गरम झाला की आणखी घसरतो. पहिल्या दोन वळणांना ब्रेक थोडाफार लागला आणि नेमका तापल्यावर सुटला, तो याच कारणाने. आणि घाट चढताना ब्रेक लागतोच कुठे? अॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप मंदावते. दादाला काही झालं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आबांच्या हातून चूक झालेली नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, इथेही लिहून ठेवतो.

आता तुमची गाडी. आल्या आल्या पाणी ओतू नका, इंजिन आणि सायलेन्सर हाताला गार लागेपर्यंत थांबा. सावलीत धुवा, उन्हात बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांधा आणि सुरू करण्याआधी ती आठवणीने काढा. आधी नुसतं पाणी ओतून माती भिजू द्या, मग पुसा. कोरड्या मातीवर फडकं फिरवलं की टाकीवर ओरखडे उठतात, ते परत जात नाहीत. टाकीचं फडकं वेगळं, चाकाचं वेगळं. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, रंगाची चमक जाते. गाड्यांचा शाम्पू मिळतो, तो बादलीत थोडासा पुरतो. पाइप असेल तर साध्या धारेने, आणि हँडलखालचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), चाकांचे हब म्हणजे मधले गोल भाग, मीटर, वायरींचे कपलर म्हणजे जोड, एअर फिल्टरचं तोंड इथे नेम धरून मारू नका. धुतल्यावर गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिन अडखळत चालायला लागलं, तर स्पार्क प्लगची कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. चेन सुकली की आतल्या बाजूने ९० नंबर ऑइलचे (घट्ट गिअर ऑइलचे) थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या, नाहीतर ते टायरवर उडतं.

गन म्हणजे विष नाही, हेही सांगायला हवं. मडगार्डच्या आत वाळून दगड झालेला चिखल तांब्याने निघत नाही. तिथे दोन हात लांबून गन चालते. सेंटरवरच्या पोरांवरही माझा राग नाही. गाडी चमकली नाही तर गिऱ्हाईक भांडतं, म्हणून ते डिझेल मारतात. तुम्ही उभं राहून "डिझेल नको" म्हणा, ते मारणार नाहीत.

तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. डिस्क ब्रेक असेल तर ड्रमचं वरचं पुराण तसंच्या तसं लागू नाही, पण डिस्कवर किंवा पॅडवर तेल, पॉलिश, चेनचा स्प्रे काही उडता कामा नये, परिणाम तोच होतो. कोणतीही गाडी असो, धुतल्यावर लगेच रस्त्याला लागू नका. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, आधी मागचा आणि मग पुढचा असे ब्रेक दाबत अंगणात दोन फेऱ्या मारा. धरतोय असं पायाला कळलं की मग बाहेर काढा. घाट उतरायचा असेल तर चार फेऱ्या मारा.