‘नाझोरायोस’ हा गावावरूनच आलेला शब्द

येशू नासरेथ गावी राहायला आला, आणि ‘त्याला नाझोरायोस म्हणतील’ हे संदेष्ट्यांनी सांगितलेलं पूर्ण झालं, असं बायबलमध्ये मत्तय २:२३ म्हणतो. हा ग्रीक शब्द गावावरून आला की ‘नाजीर’ म्हणजे व्रतस्थ या हिब्रू शब्दावरून, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: गावावरून. नासरेथचा, तो नासरेथकर.

पुरावा मत्तयाच्याच लिखाणात सापडतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला ओळखत नसल्याचं सांगतो तो प्रसंग मार्क आणि मत्तय दोघांत काढून शेजारी ठेवा. मार्क १४:६७ मध्ये दासी येशूला ‘नाझारेनोस’ म्हणते, मत्तय २६:७१ मध्ये ‘नाझोरायोस’. त्याच्या दोनच ओळी आधी, २६:६९ मध्ये, दुसरी दासी त्याला ‘गालिलायोस’ म्हणते, म्हणजे गालीलचा. अंगणातल्या दासींना त्याच्या व्रताशी काय देणंघेणं? ‘कुठला हा’ एवढंच त्या सांगताहेत. लूक तर दोन्ही रूपं वापरतो, ४:३४ मध्ये एक आणि १८:३७ मध्ये दुसरं.

नाजिराला जुन्या करारातल्या गणना ६ प्रमाणे द्राक्षारस वर्ज्य आणि प्रेताजवळ जाणंही वर्ज्य. येशूला लोक ‘खादाड, दारूबाज’ म्हणून हिणवत होते (मत्तय ११:१९), आणि याइराच्या मृत मुलीचा त्याने हात धरला. जमत नाही.

अक्षरांचा आक्षेप मात्र खरा आहे: ‘नाझोरायोस’मधला ‘झ’ गावाच्या हिब्रू नावाशी जुळत नाही. कैसरियाला १९६२ मध्ये सापडलेल्या हिब्रू शिलालेखात नासरेथ ‘त्सादे’ने, म्हणजे ‘त्स’च्या अक्षराने लिहिलंय, ग्रीकमध्ये त्सादेचा सहसा सिग्मा (‘स’) होतो, झीटा (‘झ’) नाही. पण मग ग्रीकमधलं ‘नाझारेथ’ हे गावाचं नावही झीटानेच लिहिलेलं आहे! आक्षेप घ्यायचा तर दोन्हींवर घ्या. ‘झो’मधला ओमेगा, म्हणजे दीर्घ ‘ओ’, कुठून आला, हा कोडं म्हणावा असा एकच भाग उरतो. त्यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत.

राहिलं ‘संदेष्ट्यांनी सांगितलेलं’. ‘त्याला नाझोरायोस म्हणतील’ हे वाक्य जुन्या करारात शब्दशः कुठेच नाही, आणि मत्तयाने ‘संदेष्टे’ हे अनेकवचनच वापरलंय. यशया ११:१ मधला ‘नेत्सेर’, म्हणजे दावीद राजाचा बाप इशाय याच्या मुळांतून फुटलेला कोंब, त्याच्या मनात असावा. शास्ते १३ मधला शमशोन नाजीरही कानात घुमत असेल. गावाच्या नावावर केलेली ही कोटी आहे, पण कोटी करायला आधी गाव लागतं. त्यात नासरेथ इतकं किरकोळ, की जुन्या करारात त्याचं नावही नाही.

पुढे प्रेषितांची कृत्ये २४:५ मध्ये तर्तुल्ल वकील पौलाला ‘नाझोरायोस पंथाचा म्होरक्या’ म्हणतो. पौल तार्सचा, त्यामुळे तिथे शब्द गाव सोडून अनुयायांना चिकटलाय. केरळातले ‘नसराणी’ ख्रिस्ती याच घराण्यातला शब्द आजही मिरवतात.