पांढऱ्या पार्श्वभूमीच्या कामातून पुढे कसे जावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेली तीन वर्षे तुम्ही ऑनलाइन विक्रीसाठी लागणारे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे वस्तूंचे फोटो काढत आहात, हाताला काम आहे, बिलेही निघतात, पण ज्याला कल्पकता लागते असे जाहिरातीचे काम तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा कर्ज काढून मीडियम फॉरमॅट (मोठ्या सेन्सरचा, महागडा) कॅमेरा घ्यावा, कॅटलॉगची ही कामे बंद करून फक्त मनासारखे काम करावे, की दर पाडून एखाद्या जाहिरात एजन्सीत शिरकाव करून घ्यावा? मी या व्यवसायात २२ वर्षे आहे आणि त्यातली पहिली ४ वर्षे दुसऱ्या फोटोग्राफरचा साहाय्यक म्हणून काढली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की या तिन्हींपैकी एकही वाट मी सुचवणार नाही.

कॅमेऱ्याचे आधी आटोपतो. २४ मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे ३०० ठिपके) साधारण ५० बाय ३४ सेंटिमीटर छापता येते, म्हणजे मासिकाच्या जोडपानाला ती पुरते. होर्डिंग लांबून पाहिले जाते, त्यामुळे त्याला याहून कितीतरी कमी डीपीआय चालतो. एखादे काम खरोखर मोठी फाइल मागेल, तेव्हा तो कॅमेरा भाड्याने आणावा आणि त्याचे भाडे कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लावावे. पैसे खर्च करायचेच असतील तर भक्कम ट्रायपॉड, चांगले लाइट स्टँड आणि रंग अचूक दाखवणारा मॉनिटर यांवर करा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आर्ट डायरेक्टर, म्हणजे जाहिरात कशी दिसावी हे ठरवणारा माणूस, फोटोग्राफरची निवड त्याने दाखवलेल्या फोटोंवरून करतो. तुमच्यात आणखी काय दडले आहे याचा अंदाज बांधायला त्याला सवडही नसते आणि मुभाही नसते. शूटच्या दिवशी स्टुडिओचे भाडे चालू असते, स्टायलिस्ट, मॉडेल, क्लायंटची दोन-तीन माणसे हजर असतात, आणि फोटो फसला तर त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून काचेच्या बाटलीचे काम तो अशाच माणसाला देतो, ज्याने काढलेली काचेची बाटली त्याने आधी पाहिलेली आहे. तुम्ही त्याच्यासमोर तीन वर्षांचे पांढरे कॅटलॉग ठेवलेत तर त्याच्या लेखी तुम्ही उत्तम कॅटलॉग फोटोग्राफर ठरता, आणि कॅटलॉगचे काम निघाले की त्याला तुमची आठवण होते. मला ही गोष्ट उमजायला फार उशीर लागला, म्हणूनच ती इतक्या आग्रहाने सांगतो आहे. पोर्टफोलिओतला, म्हणजे दाखवायच्या निवडक कामातला, प्रत्येक फोटो पैसे घेऊन काढलेला असावा असा कुठेही नियम नाही. जे काम मिळावेसे वाटते ते आधी स्वखर्चाने करून दाखवावे लागते.

स्वतःचे काम आणि पैशांचे काम यांच्यामध्ये तुम्ही जी भिंत धरून चालला आहात, ती या कलेतल्या मोठ्या माणसांच्या कामात मला दिसत नाही. अमेरिकी फोटोग्राफर पॉल औटरब्रिज यांना १९२२ मध्ये शर्टाच्या सुट्या कॉलरची जाहिरात करायची होती. त्यांनी ती कॉलर बुद्धिबळाच्या पटावर ठेवली, एवढेच; चौकटींच्या करकरीत सरळ रेषा आणि कॉलरचा मोकळा वळसा यांच्या विरोधातून तो फोटो उभा राहिला. ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात जाहिरात म्हणून छापलेले ते चित्र आज संग्रहालयात जपले जाते. दुसरे अमेरिकी फोटोग्राफर अर्विंग पेन यांनी १९६८ पासून वर्षानुवर्षे क्लिनीक या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडसाठी बाटल्या आणि डब्या टिपल्या, आणि त्याच माणसाने रस्त्यावर पडलेली सिगारेटची थोटके स्टुडिओत आणून त्यांचे प्लॅटिनम प्रिंट (चांदीऐवजी प्लॅटिनमच्या क्षारांनी उमटवलेले फोटो) केले, जे १९७५ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडले गेले. ती बाटली आणि ते थोटूक शेजारी शेजारी ठेवून पाहा: तीच मोकळी पार्श्वभूमी, आकाराकडे पाहण्याची तीच शिस्त. तुमची तीन वर्षेही वाया गेलेली नाहीत. रोज वस्तूची कड, तिची सावली, तिचा खरा रंग न्याहाळण्याची जी सवय तुम्हाला लागली आहे, ती अनेक होतकरू फोटोग्राफरांकडे नसते.

‘करून दाखवणे’ म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने सांगतो. गडद रंगाचा द्रव भरलेली काचेची बाटली घ्या. कॅटलॉगच्या सवयीने तुम्ही दोन्ही बाजूंना सॉफ्टबॉक्स (दिव्यावर चढवायचे, उजेड मऊ करणारे कापडी खोके) लावाल आणि काचेवर दोन पांढरे चौकोन उमटतील, कारण चकचकीत पृष्ठभाग आपल्याभोवती जे काही असेल त्याचे प्रतिबिंब दाखवत असतो. तेव्हा बाटलीत जे दिसणार आहे, प्रकाशयोजना त्याची करायची. बाटलीच्या एका बाजूला हातभर अंतरावर ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव उभा टांगा आणि दिवा त्याच्या मागे ठेवा. दिवा फार मागे नेलात तर सगळा कागद सारखा उजळतो आणि काचेवर सपाट पांढरा पट्टा येतो. जवळ आणून जरा तिरका केलात तर कागदावरचा उजेड एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेकडे विरत जाणारा होतो, आणि तोच उतार काचेवर उमटून बाटलीला गोलाई येते. दुसऱ्या बाजूला काळे कार्ड उभे करा, म्हणजे फिकट पार्श्वभूमीवर काचेची कड बारीक गडद रेषेने सुटी दिसेल. आता द्रवाकडे पाहा; तो मेल्यासारखा काळा दिसत असेल. बाटलीच्या आकाराहून किंचित लहान कापलेला चंदेरी पुठ्ठा तिच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, तिरका टेकवा. त्यावरून परतलेला उजेड द्रवातून आरपार येतो आणि रंग पेटतो. लेबल कागदाचे असल्याने त्याला वेगळे एक्स्पोजर (फोटोत येऊ द्यायच्या उजेडाचे प्रमाण) लागते. ते कॅमेरा न हलवता स्वतंत्र घ्या आणि नंतर जोडा. थंडगारपणाचे थेंब हवे असतील तर लेबल झाकून ग्लिसरीन आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून फवारा, कारण नुसत्या पाण्याचे थेंब बघता बघता ओघळून जातात.

या एका फोटोला पहिल्यांदा माझे पाच तास गेले होते, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ पुठ्ठ्याचा कोन शोधण्यात गेला. तो सापडला तेव्हा बाटली आतून उजळली, आणि त्या क्षणाचा आनंद आजही मला तसाच आठवतो. पुढे दोन वर्षांनी पेयांचे जे पहिले मोठे काम मिळाले ते याच फोटोमुळे, ज्यासाठी मला कोणी एक पैसाही दिलेला नव्हता.

मात्र स्वखर्चाने काम करताना स्वतःलाच एक ब्रीफ, म्हणजे कामाच्या अपेक्षांचे टिपण, लिहून द्या. वस्तू कोणाला विकायची आहे, फोटो मासिकात जाणार की मोबाइलच्या पडद्यावर, उभा हवा की आडवा, मथळ्यासाठी जागा कुठे सोडायची, हे चार ओळींत कागदावर उतरवा आणि मगच दिवा लावा. जाहिरातीतली कल्पकता बंधनांच्या आतली असते, आणि वरच्या तिसऱ्या भागात मथळ्यासाठी शांत जागा सोडलेली पाहिली की आर्ट डायरेक्टरला लगेच कळते की हा माणूस पानाचा विचार करतो. अशा स्वतःला दिलेल्या सहा-सात कामांतून १५ ते २० फोटोंचा पोर्टफोलिओ उभा करा. निवड करताना ‘यासाठी किती कष्ट पडले’ हा निकष मनातून काढून टाका. पाहणाऱ्याला ते कष्ट दिसत नाहीत. आवडते पण न शोभणारे फोटो काढून टाकायला जड जाते, म्हणून या कामी दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर घ्या. कॅटलॉगचे काम वेगळ्या विभागात ठेवा.

दर पाडून शिरकाव करण्याविषयी मला काळजी वाटते. कमी दराने आलेला क्लायंट पुढच्या वेळीही तोच दर धरून बसतो, आणि त्याने ज्यांना तुमचे नाव सांगितले तेही तोच दर ऐकून येतात. याहून मोठे नुकसान होते ते वापराच्या हक्कांत, आणि त्याची झळ मी स्वतः सोसली आहे. सुरुवातीच्या काळात एका उत्पादकासाठी मी दिवसाच्या ठरावीक रकमेवर काही फोटो काढले. पत्रक छापायचे आहे एवढेच तोंडी बोलणे झाले होते. कोटेशनवर मी फक्त ‘एक दिवसाचे शूट’ असे लिहिले होते. पुढे त्यातला एक फोटो सहा वर्षे त्यांच्या वेष्टनावर, दुकानांतल्या फलकांवर आणि इतर देशांतल्या जाहिरातींतही वापरला गेला. मी विचारायला गेलो, तर माझ्याजवळ दाखवायला कागदच नव्हता.

म्हणून कोटेशनमध्ये फोटो काढण्याचा मोबदला आणि तो वापरण्याचा परवाना या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या लिहा. परवान्यात माध्यम, प्रदेश आणि मुदत स्पष्ट असली पाहिजे: उदाहरणार्थ, छापील जाहिरात आणि वेबसाइट, एकच देश, एक वर्ष. मुदत संपल्यावर वापर चालू ठेवायचा असल्यास नवा मोबदला ठरेल, हेही त्यातच येऊ द्या. कॉपीराइटचा कायदा देशागणिक वेगळा असतो. काही देशांत, लेखी करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणाराच मानला जातो, त्यामुळे ‘फोटो मी काढला, म्हणजे हक्क माझाच’ या समजुतीवर विसंबू नका. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॅग्नम’ ही फोटोग्राफरांची संस्था काढली, तेव्हा फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरकडेच राहावा हा तिच्या पायातला विचार होता. ते वृत्तछायाचित्रांच्या जगातले लोक होते, तरी हा धडा आपल्याही तितकाच कामाचा आहे. क्लायंट सगळे हक्क कायमचे मागत असेल तर नकारच द्यावा असे मी म्हणत नाही. त्याला तसा दर सांगावा, आणि बहुतेक वेळा तो आकडा ऐकून त्याला खरोखर किती वापर हवा आहे हे त्याचे त्यालाच कळते.

शूटच्या दिवसाबद्दल थोडेच सांगतो. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून काम करा, म्हणजे सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दिसते आणि शंका तिथल्या तिथे फिटतात. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक स्टुडिओबाहेर, ही शिस्त कधीही मोडू नका. आणि आवाज चढू देऊ नका. पहिले काम फोटो मिळवून देतात, पण दुसऱ्यांदा बोलावणे येते ते त्या दिवशी तुमच्यासोबत काम करणाऱ्यांना कसे वाटले यावरून.

राहता राहिला कॅटलॉग बंद करण्याचा प्रश्न. ते करू नका, निदान आत्ता नको. त्या कामामुळे घर चालते, आणि घर चालत असले की चुकीचे काम नाकारता येते. आठवड्यातला एक दिवस मात्र पक्का राखून ठेवा आणि त्या दिवशी कितीही निकडीचे काम आले तरी क्लायंटला दुसरी तारीख द्या. पहिल्या महिन्यात वर सांगितलेली बाटलीच घ्या, दुसरे काही नको. प्रत्येक प्रयत्नात दिवा ते कागद आणि कागद ते बाटली ही दोन अंतरे, पुठ्ठ्याचा कोन आणि एक्स्पोजर वहीत टिपून ठेवा, आणि फोटो मनासारखा येत नसेल तर तो त्या आकड्यांसकट मला दाखवा. उजेड कुठे अडतो आहे ते त्यावरून सांगता येईल.