आधी देणी बघ, मग पाटी लाव

भोसरीत कारखान्यासाठी शेड घेतलीस, उत्तम. केबिनबाहेर 'सचोटी, गुणवत्ता, विश्वास' अशी पाटी लावायची म्हणतोस, तर खुशाल लाव. पण तुझी मूल्यं कामगार बघणार ती पगाराच्या दिवशी. पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पैशाची चणचण झाली की तोच पैसा स्टीलवाल्याला द्यावासा वाटतो. तो तुझा नाहीच.

आता प्लेटिंगवाल्याचं, म्हणजे आपल्या पार्टांवर धातूचा मुलामा चढवून देणाऱ्याचं. आपला माल घेणारी चाकणची कंपनी आपले पैसे रखडवते, म्हणून आपण त्याचे रखडवायचे, हे आपल्या पट्ट्यात सर्रास चालतं (आणि वर त्यालाच चहा पाजतात!). तो नोंदणीकृत लघुउद्योजक असेल तर २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने त्याचे पैसे द्यायला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. सीएला विचारून घे.

मालाच्या तपासणीच्या, म्हणजे इन्स्पेक्शन रिपोर्टवर मागची तारीख टाक म्हणणारा कुणीतरी भेटेलच. पहिल्याच वेळी नाही म्हण. एकदा हो म्हणालास, की क्वालिटीतली पोरं पुढच्या वेळी तुला विचारणारही नाहीत.