भावाच्या ॲडमिशनसाठी मी कॉलेज सोडू का?

पत्र: मावशी, मी कोपरखैरण्यात राहते. बाबा सोसायटीत वॉचमन आहेत, आई तिथंच चार घरची कामं करते. आम्ही नेपाळचे, पण माझा जन्म इथलाच, दहावी मराठी मीडियममधून झाली, आता बारावी कॉमर्सला आहे. भाऊ गावी आजीकडे होता, आजी वारली म्हणून त्याला इकडे आणलं. तो नऊ वर्षांचा आहे. जवळच्या शाळेत म्हणाले आधार नाही, लिव्हिंग सर्टिफिकेट नाही, मराठी येत नाही, फार तर पहिलीत बसवतो. सगळीकडे मीच फिरते कारण आईबाबांना फॉर्म कळत नाहीत, माझी अटेंडन्स पार गेली. बाबा म्हणतात एक वर्ष कॉलेज बंद कर, त्याला घरी शिकव, मग बघू. आणि अजून एक, मैत्रिणींना मी सांगितलंय की आम्ही दार्जिलिंगचे. काय करू?

उत्तर:

अगं पोरी, कॉलेज सोडायचं नाही. आधी हे सांगून टाकते. बारावीचं वर्ष आहे, एकदा नाव कमी केलं की पुढच्या वर्षी परत कोणी पाठवेल असं मला वाटत नाही, आणि बाबांना बाहेरून परीक्षेला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल कोणी सांगितलं असेल तर तो विषय सध्या घरात काढूच नकोस.

आता भावाचं. शाळेतल्या माणसाने तुला जे सांगितलं त्यातलं बरंचसं कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला लागू, त्यात भारतीय नागरिक असण्याची अट नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून ॲडमिशन नाकारता येत नाही, वर्षाच्या मधेच आला म्हणूनही नाही. आणि नऊ वर्षांच्या पोराला पहिलीत बसवायचं तर मुळीच नाही, कलम 4 मधे स्पष्ट आहे की वयाला साजेशा वर्गात घ्यायचं म्हणजे याला चौथीच्या आसपास, आणि जे मागे राहिलंय त्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, ते कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. नऊ वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या पोरांच्यात बसला ना की तो शिकत नाही गं, लाजतो, आणि दोन वर्षांत शाळाच सोडतो.

आधारचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सांगितलंय की शाळेच्या ॲडमिशनला आधार सक्तीचं नाही. मग शाळा का मागे लागतात? कारण शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या पटावर मोजायला लागले, त्यामुळे आधार नसलेलं मूल म्हणजे शाळेच्या हिशेबात डोकेदुखी. त्या क्लार्कचा तुमच्यावर राग नसतो, त्याला वरून बोलणी बसतात, पण त्याची डोकेदुखी तुझ्या भावाने का भोगायची. आधार काढायला हरकत काहीच नाही म्हणा, गेल्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलं की नेपाळी माणसालाही काढता येतं, नेपाळची कागदपत्रं लागतात, कोणती चालतील ते सेंटरवर आधी विचारून मग जा म्हणजे हेलपाटा वाचेल. पण ॲडमिशन त्यासाठी थांबवायची नाही.

त्याचा जन्मदाखला आहे का? असेल तर त्यावर विक्रम संवत असणार, म्हणजे 2073 वगैरे, आणि इथला माणूस ते बघून म्हणणार हा तर अजून जन्मलाच नाही. दाखल्यावर इसवी सन पण लिहिलेलं असेल तर त्यावर पेन्सिलने खूण करून ने. नसेल तर बाजूला स्वच्छ अक्षरात बदलून लिहून ने, बैशाख ते पुसच्या मध्यापर्यंतचा जन्म असेल तर 57 वजा कर, त्यानंतरचा असेल तर 56. नेपाळी दाखला देवनागरीतच असतो, त्यामुळे भाषांतर करून आणा असं कोणी म्हणालं तर आधी वाचून तर बघा म्हणावं.

जायचं कुठं तर आता त्या शाळेत नाही, सरळ महापालिकेच्या शाळेत, आणि तिथं टाळाटाळ झाली तर महापालिकेच्या शिक्षण विभागात. बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत घालणं हे त्याच कायद्याच्या कलम 9 प्रमाणे महापालिकेचं काम आहे, उपकार नाहीत. अर्ज लेखी द्यायचा, दुसऱ्या कॉपीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा, तोंडी नाही म्हणाले तर कारण लिहून मागायचं. लिहून द्या म्हटलं की निम्मे लोक तिथंच मवाळ होतात. सोबत सोसायटीच्या सेक्रेटरीकडून एक साधं पत्र घ्या की हे कुटुंब आमच्याकडे अमुक वर्षांपासून राहतंय.

मराठी की हिंदी मीडियम हे तूच ठरव, तुला त्या पोराची माहिती जास्त. महापालिकेच्या दोन्ही शाळा आहेत. अक्षरं त्याला येतातच, नेपाळीची लिपी तीच. घरात तू मराठीतून गेलीस म्हणून मला मराठी बरी वाटते, अभ्यासाला बसवणारं कोणी आहे. पण पहिले काही महिने तो वर्गात तोंड उघडणार नाही तेव्हा घाबरू नका, नव्या भाषेत पडलेली मुलं आधी नुसती ऐकतात. कॅनडातल्या जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकांनी बाहेरून आलेल्या मुलांवर काम केलं, त्यांचं म्हणणं असं की गप्पा मारण्याइतकी भाषा साधारण दोन वर्षांत येते पण पुस्तकातली भाषा वर्गातल्या बाकीच्यांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे वर्ष-दोन वर्षांत तो खाली पोरांशी झकास मराठीत भांडायला लागेल आणि तरी परिसर अभ्यासाचा पेपर कोरा देईल, तेव्हा बाई म्हणतील आळशी आहे, तर तो आळशी नाही हे तुमच्या डोक्यात असू दे. आणि घरी नेपाळी बंद करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

आता खरं बोलायचं ते तुझ्याबद्दल. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू, गॅसचं बुकिंग, बँक, दवाखाना, शाळा, सगळं तूच, असं तू कुठं लिहिलेलं नाहीस पण मी पैज लावते तसंच असणार. परक्या मुलखात आलेल्या प्रत्येक घरात एक पोर असं असतं, बहुतेक वेळा मोठी मुलगी, दहाव्या वर्षीपासून घराची क्लार्क. आईबापांचा दोष म्हणत नाही मी. बाबांची बारा-बारा तासांची ड्युटी, वर मनात भीती की आपण बाहेरचे, कशाला कुणाच्या तोंडाला लागा. पण त्यांना एक सांग, भारत आणि नेपाळमधला करार 31 जुलै 1950 चा आहे, त्याप्रमाणे तुम्हाला इथं राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. ते कुणाकडे आसऱ्याला आलेले नाहीत, चोरून तर अजिबात नाही. एवढी वर्षं गेटवर उभं राहून लोकांशी हिंदीत बोलतात ना, मग हेडमास्तरांशीही बोलतील. अर्ज तू रात्री लिहून दे, जायचं बाबांनी, नाहीतर आईने. बाप स्वतः समोर बसला की शाळेचा सूर पण बदलतो, सतरा वर्षांच्या मुलीला उद्या ये सांगणं सोपं असतं. भावाला रोज तास-दीड तास तू घे संध्याकाळी, तेवढं बहीण म्हणून ठीक आहे, त्याच्यापुढे नाही.

तुझ्या कागदांचं थोडं कडू बोलते. आईबाबा दोघंही नेपाळी नागरिक असतील तर तुझा जन्म इथला असूनही, 2004 च्या डिसेंबरनंतरचा असल्यामुळे, तू आपोआप भारतीय होत नाहीस. त्यामुळे डोमिसाईल मागणाऱ्या सरकारी स्कॉलरशिप तुला बहुतेक मिळणार नाहीत, सीईटी वगैरेचा फॉर्म भरायच्या आधी राष्ट्रीयत्वाची अट नीट वाच, नाहीतर क्लासला पैसे भरून बसाल आणि मग कळेल. बीकॉमला अनुदानित तुकडीत फी कमी असते, ते बघ. आणि नेपाळमधे सोळा पूर्ण झाल्यावर नागरिकता काढता येते, ती तू अजून काढली नसशील तर दशैंला, म्हणजे तुमच्या दसऱ्याला, गावी जाल तेव्हा जिल्हा प्रशासन कार्यालयात ते काम पहिलं करा. आज तुझ्याकडे ना इकडचा धड कागद ना तिकडचा, आणि एकविसाव्या वर्षी हे जास्त टोचेल.

दार्जिलिंगचं काय एवढं मनावर घेतेस. शाळेत कोणीतरी ए बहादूर म्हणून हाक मारली असणार आणि मग तू हे बोललीस, मला कळतं. (वाचणाऱ्यांनो, आपल्या वॉचमनचं आडनाव किती जणांना माहितीये, खरं सांगा.) जगाला जाहीर करायची गरज नाही, जी सगळ्यात जवळची आहे तिला एकटीला सांग, वडापाव खाताना सहज. तुझ्या कोपरखैरण्यातल्या मैत्रिणी तरी कुठल्या, निम्म्या जणींचे आजोबा साताऱ्याहून, जुन्नरहून माथाडी म्हणून आलेले, आणि जे मूळचे आगरी-कोळी त्यांच्या जमिनी सिडकोने घेतल्यावर हे सेक्टर उभे राहिले. ती रागावलीच तर खोटं बोललीस म्हणून रागावेल, नेपाळी आहेस म्हणून नाही, आणि नेपाळी आहेस म्हणून रागावली तर ती मैत्रीण गेलेली बरी.

अटेंडन्सबद्दल क्लासटीचरना आजच भेट, घरचं थोडक्यात सांग, कमी भरत असेल तर आत्ताच कळलेलं चांगलं, बोर्डाचे फॉर्म भरताना नको. सोमवारी तू कॉलेजला जा, बाबांना ड्युटी बदलून घ्यायला सांग, शाळेत ते जातील. महापालिकेनेही घोळ घातला तर त्यांनी काय लिहून दिलं ते मला कळव, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.

— मावशी