ई-रिक्षाच्या चारही बॅटऱ्या घरच्या घरी बदलता येतील का? काय काळजी घ्यावी?

येतील, पण एकट्याने नको. तुमची गाडी नेहमीची ४८ व्होल्टवाली आहे, म्हणजे १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला एक अशा साखळीने जोडलेल्या), असं धरून लिहितो. लिथियम पॅक असेल तर तो उघडायच्या भानगडीत पडू नका; आणि लेड-ॲसिडच्या जागी लिथियम टाकणार असाल तर चार्जरही बदलावाच लागतो.

४८ व्होल्टचा झटका सहसा जीवघेणा नसतो. खरा धोका शॉर्टचा. पाना एकाच वेळी दोन टर्मिनलला टेकला की क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो आणि सेलमधून निघालेल्या हायड्रोजनला ठिणगी मिळाली तर बॅटरी फुटून ॲसिड अंगावर येतं. म्हणून अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. पान्याचं हातात धरायचं टोक आणि दांडा इन्सुलेशन टेपने गुंडाळा, फक्त नटावर बसणारा जबडा उघडा ठेवा. चष्मा, रबरी हातमोजे आणि जवळ पाण्याची बादली हवीच. डोळ्यात ॲसिड गेलं तर किमान पंधरा मिनिटं पाण्याने धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. नुकतंच चार्जिंग संपलं असेल तर सीट उघडून तासभर वारा लागू द्या.

चार्जर काढा, हँडब्रेक ओढा, एमसीबी (बॅटरीचा मुख्य सुरक्षा स्विच) पाडून बंद करा. मग ॲक्सिलरेटरला हात न लावता चावी अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा. कंट्रोलरच्या (मोटरला वीज देणाऱ्या डब्याच्या) कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज बराचसा उतरतो. आता जोडणीचे फोटो घ्या, कुठली बॅटरी कुठे आणि तिचं प्लस कोणत्या बाजूला हे दिसेल असे.

सुरुवात मुख्य निगेटिव्हपासून. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) सुटली की लगेच टेप गुंडाळा. मग मुख्य पॉझिटिव्ह, तिलाही टेप. त्यानंतर बॅटऱ्या एकमेकींना जोडणाऱ्या मधल्या लिंक वायरी. एका वेळी एकच टोक सोडवा आणि सुटं टोक लोंबकळत ठेवू नका. एकेक बॅटरी ३० ते ४० किलोची असते. दोघांनी पट्ट्याने किंवा तळाला हात घालून सरळ उचला. टर्मिनल धरून नाही, तिरकी करूनही नाही.

ट्रेमध्ये ॲसिडमुळे साचलेला पांढरा-हिरवट, बुरशीसारखा थर दिसेल. खायच्या सोड्याचं पाणी टाका, फसफस थांबली की धुऊन कोरडं करा. गंजून पातळ झालेली थिंबल परत वापरू नका.

चारही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच अँपिअर-अवरच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या घ्या. एकच बदलून पैसे वाचवायला गेलात तर जुन्या तीन लवकर उतरतात आणि नवीनही त्यांच्या जोडीने खराब होते. काही गाड्यांत हॉर्न-लाईटची वायर एकाच बॅटरीवरून घेतलेली असते. तीच बॅटरी दर वेळी आधी जाते. कन्व्हर्टर (४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा डबा) बसवून ती जोडणी काढून टाका.

बसवताना क्रम उलटा: आधी लिंक वायरी, एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला. मुख्य वायरी जोडण्यापूर्वी मल्टिमीटर बॅटऱ्यांच्या साखळीच्या दोन टोकांच्या मोकळ्या टर्मिनलना लावा. ही पायरी अजिबात गाळू नका. भरलेल्या बॅटऱ्यांवर ५०-५१ व्होल्ट यायला हवेत. साधारण २५ आले तर एक बॅटरी उलटी बसली आहे: तिघींचे ३८, त्यातून तिचे १२.७ वजा. शून्याजवळ आलं तर दोन उलट्या आहेत किंवा कुठेतरी जोड तुटला आहे. आकडा बरोबर पण मीटरवर वजा चिन्ह असेल तर प्रोबा उलट्या लागल्या आहेत की वायरी, ते आधी ठरवा. कारण कंट्रोलरला उलटा पुरवठा गेला की आतले मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) जळतात.

एमसीबी खालीच असू द्या. मुख्य पॉझिटिव्ह जोडा, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. नटाखाली स्प्रिंग वायसर (वॉशर) टाका. नट इतकेच आवळा की थिंबल हाताने हलणार नाही. अंगचं बळ लावलंत तर शिशाचा खांब आतून सुटतो आणि तो दुरुस्त होत नाही. आवळून झाल्यावर वर व्हॅसलीनचा पातळ थर द्या, थिंबलखाली नको. बॅटऱ्या क्लँपने घट्ट बसवा, पण झाकणांवर पोतं किंवा चटई टाकू नका.

पहिल्या फेरीआधी पूर्ण चार्ज करा. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं. आधी काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं. मात्र प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या झाकतील इतकं आधीच घाला. वरून ॲसिड कधीच घालायचं नाही.

जुन्या बॅटऱ्या ॲसिडसकट विक्रेत्याला द्या, बदल्यात पैसे मिळतात. ॲसिड गटारात ओतू नका. आठवडाभर गाडी चालली की एमसीबी पाडून नट पुन्हा तपासा. एखाद्याच टर्मिनलपाशी वायरचं प्लास्टिक मऊ किंवा काळपट झालेलं दिसलं तर तिथला नट ढिला आहे किंवा थिंबल नीट दाबलेली नाही.